पन्नाशीनंतर सुरुवात करताना: डॉक्टर, घर, ऑफिस आणि कागदपत्रं

मी आता छप्पन्न वर्षांची आहे. जन्माच्या नोंदीत मुलगा, नंतर नवरा, नंतर बाप, असं अर्ध्याहून जास्त आयुष्य काढलं. त्रेपन्नाव्या वर्षी, मे २०२२ मध्ये, पहिल्यांदा एका डॉक्टरसमोर बसून सांगितलं की मी स्त्री आहे आणि उरलेलं आयुष्य मला तसंच जगायचं आहे. तिथपासून हातात नव्या नावाचं आधार कार्ड येईपर्यंत सव्वादोन वर्षं गेली. त्या काळात मी जे जे वाचलं, ते बहुतेक विशी-पंचविशीतल्यांसाठी लिहिलेलं होतं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या, लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या आणि निवृत्ती जवळ आलेल्या माणसाने काय करायचं, हे मला तुकड्यातुकड्याने, विचारत विचारत कळलं. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

या वयात तुमचं शरीर, घर, पगार, पीएफ, बँकेतली सही, सगळं आधीच एका नावाला बांधलेलं असतं. त्यातलं काहीही मागे टाकून पुढे जाता येत नाही. सगळं बरोबर घेऊन निघावं लागतं, आणि म्हणून वेग कमी ठेवावा लागतो. मला हे पटायला वेळ लागला, कारण इतकी वर्षं वाट पाहिल्यावर आणखी सहा महिने थांबायची कल्पनाही सहन होत नव्हती.

कधीपासून माहीत होतं, हे सगळे विचारतात. सातव्या-आठव्या वर्षापासून. त्याला तेव्हा नाव नव्हतं, एवढंच. पुढे ते दाबून ठेवायची इतकी सवय झाली की आपण ठीक आहोत असं मलाच वाटायचं. मुलगी शिकून नोकरीला लागली, डोक्यावरची मोठी जबाबदारी उतरली, आणि त्यानंतर माझी झोपच गेली. रात्री दोन-तीनला जाग यायची आणि सकाळपर्यंत छाती भरून राहायची. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि म्हणाले, मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटा.

ती पहिली भेट वाईट गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या वयात असे विचार येतात. औषधं देतो, चारेक महिन्यांत जातील." मी विचारलं, हे पन्नास वर्षांपासून आहे, चार महिन्यांत कसं जाईल? त्यावर त्यांनी पुढच्या वेळी बायकोला घेऊन यायला सांगितलं. मी परत गेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू केली, त्यात लिंगओळखीचा हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलेला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की माणसाची लैंगिक ओळख 'बदलून' देण्याचा उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. हे तुम्हाला माहीत असू द्या. समोरचा डॉक्टर 'घालवून देतो' म्हणाला, तर वाद न घालता उठून यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसऱ्या डॉक्टर मला माझ्यासारख्याच एका ट्रान्स स्त्रीने सुचवल्या. इथून पुढची सगळी चांगली माणसं मला अशीच, कुणी तरी कुणाचं नाव सांगितल्यामुळे मिळाली. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या, सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्याकडे जायला लागले. एका बैठकीचे पंधराशे रुपये. पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट विचारली: "आज तुम्हाला मी कुठल्या नावाने हाक मारू?" मी नाव सांगितलं. ते तोवर मी मोठ्याने कधी उच्चारलेलं नव्हतं. त्यानंतर बराच वेळ मला बोलताच आलं नाही, आणि त्यांनी मला तसंच बसू दिलं.

त्यांनीच सांगितलं की हार्मोन, म्हणजे शरीर स्त्रीसारखं व्हायला मदत करणारी औषधं, सुरू करायला घाई नको, आधी घरात बोला. औषधाला बायकोची परवानगी लागते म्हणून नव्हे. तशी काही अट नाही, सज्ञान माणसाची स्वतःची संमती पुरते. पण एकाच घरात, एकाच खोलीत राहून शरीरातले बदल लपवणं हे नवं खोटं होईल, आणि आधीच्याचंच ओझं पुरेसं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी मी बायकोला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला काही तरी मोठं दुखणं झालंय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय, असंच मी धरून चालले होते." थोड्या वेळाने म्हणाली, "मला आधी एवढंच सांगा, घर सोडून जाणार आहात का?" मी नाही म्हटलं. त्या दिवशी ती त्यापुढे काही बोलली नाही. नंतरचे काही आठवडे फार कठीण होते. ती रडायची, चिडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन बसायची. तिचं बरोबर होतं. मला या गोष्टीसाठी पन्नास वर्षं मिळाली होती आणि तिला एक दुपार. डिसेंबरमध्ये ती माझ्याबरोबर सायकॉलॉजिस्टकडे आली, आणि नंतर काही वेळा एकटीसुद्धा गेली. माझा सल्ला असा की जोडीदारासाठी वेगळ्या बैठका जरूर ठेवा आणि त्यांचा खर्च आधीच धरून चाला. तिथे जे बोललं जातं ते तुम्हाला कळायची गरज नाही.

आम्ही अजून एकत्र राहतो. पूर्वीसारखे नवरा-बायको आहोत का, तर नाही. एकमेकींच्या सोबतीने राहणाऱ्या दोघी आहोत, आणि हे तिने तिच्या मनाने ठरवलेलं आहे. उद्या तिचं मत बदललं, तर तोही तिचा हक्क आहे.

मुलीला फोनवर सांगितलं, कारण ती दुसऱ्या शहरात होती आणि माझा धीर तेवढाच होता. ती म्हणाली, "बाबा, तू एवढी वर्षं एकटाच हे घेऊन बसला होतास?" दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, मी पत्र लिहिलं. त्याने उत्तर दिलं नाही. जवळजवळ दीड वर्ष आमचं बोलणं बंद होतं.

हार्मोन सुरू करण्यासाठी सायकॉलॉजिस्टचं आणि त्यांनी सुचवलेल्या मनोविकारतज्ज्ञांचं पत्र जानेवारी २०२३ मध्ये हाती आलं. एंडोक्रिनॉलॉजिस्टची, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांची, तारीख मिळायला आणखी सहा आठवडे लागले. ते आठवडे वाया घालवू नका. मला फोनवरच तपासण्यांची यादी मिळाली होती, त्या मी करून ठेवल्या: हिमोग्लोबिन, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल, यकृत, मूत्रपिंड, पोटॅशियम, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मुख्य प्रकार), प्रोलॅक्टिन, प्रोस्टेटसाठी पीएसए, आणि ईसीजी. सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आसपास गेले. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती याच काळात सोडा. इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि वय व धूम्रपान त्यात भर घालतात.

डॉक्टरांनी माझ्या चालू औषधांची चिठ्ठी सगळ्यात आधी मागितली, आणि तिथे एक महत्त्वाची गोष्ट निघाली. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखायला आपल्याकडे स्पायरोनोलॅक्टोन बरंच दिलं जातं. ते मुळात लघवी वाढवणारं, रक्तदाब उतरवणारं औषध, आणि त्याने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. मी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत होते, तेही पोटॅशियम वाढवतं. दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं ठरू शकतं, अगदी हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याइतकं. त्यांनी टेल्मिसार्टन बंद करून अॅम्लोडिपिन दिलं, तीन आठवडे रक्तदाब लिहून ठेवायला सांगितला आणि मगच पुढचं सुरू केलं. घरातलं कमी सोडियमचं मीठसुद्धा बंद करायला सांगितलं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. दुकानातून परस्पर गोळ्या आणून सुरू करणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांना मला हे कळकळीने सांगायचं आहे. विशीत निभावतं ते इथे निभावेलच असं नाही.

इस्ट्राडायोल मला गोळीऐवजी जेलच्या रूपात मिळालं, तेही वयामुळेच. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि त्यामुळे गुठळ्यांचा धोका वाढतो, त्वचेतून घेतलेल्या औषधात तो कमी असतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना म्हणून बहुतेक वेळा जेल किंवा पॅच सुचवतात. ते महाग पडतं. माझं सगळं औषध मिळून महिन्याला अडीच हजारांच्या घरात जातं, आणि जेल कधी कधी औषधांच्या दुकानात आठवडाभर मिळत नाही, म्हणून एक ट्यूब शिल्लक असतानाच पुढची सांगून ठेवते. जेल दंडावर किंवा मांडीवर लावून पूर्ण वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, आणि ती जागा दुसऱ्याच्या, विशेषतः लहान मुलांच्या, अंगाला लागू द्यायची नाही. आणखी एक: रक्त द्यायचं असेल त्या हाताला जेल लावू नका, नाही तर अहवालात इस्ट्राडायोलचा आकडा खोटाच वर दिसतो.

१८ मार्च २०२३ ला पहिला डोस घेतला. डोस अगदी लहान होता आणि त्या दिवशी शरीरात काही झालं असणं शक्य नाही, तरी संध्याकाळी मी शांत झोपले. मनावरचा परिणाम मला शरीराच्या बराच आधी जाणवला. सततचा जो एक घरघरता आवाज आत असायचा, तो मेच्या सुमारास बंद झाल्यासारखा वाटला.

शरीराचं वेळापत्रक संथ असतं. पहिल्या दोनेक महिन्यांत कातडी मऊ झाली, घामाचा वास बदलला, कामेच्छा कमी झाली. चौथ्या महिन्याच्या आसपास छातीत गाठीसारखं दुखायला लागलं, स्कूटरवर खड्डा आला तरी कळायचं. ते स्तनांच्या वाढीचं लक्षण असतं आणि ती वाढ दोन-तीन वर्षं चालते. चेहऱ्यावरची, कमरेवरची चरबी सावकाश जागा बदलते. काय होत नाही, तेही नीट ऐकून ठेवा. हाडं बदलत नाहीत. दाढी जात नाही. आवाज एकदा फुटला की इस्ट्रोजेनने परत बारीक होत नाही. गेलेले केस फारसे परत येत नाहीत. मला समोरून टक्कल आहे, मी विग वापरते, आणि पहिला चांगला विग घेताना मन घट्ट करून बऱ्यापैकी रक्कम खर्च केली.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं असतं. टेस्टोस्टेरॉन ५० च्या खाली आणि इस्ट्राडायोल १०० ते २०० च्या दरम्यान, असं डॉक्टरांनी उद्दिष्ट ठेवलं होतं. जूनच्या अहवालात टेस्टोस्टेरॉन निम्म्यावर आलं होतं, सप्टेंबरमध्ये जवळपास पोचलं. लॅबमध्ये माझी नोंद तेव्हा पुरुष म्हणून होती, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा ठळक अक्षरात 'कमी' म्हणून छापून आला आणि घरात घबराट झाली. डॉक्टरांनी समजावलं की टेस्टोस्टेरॉन उतरलं की हिमोग्लोबिन स्त्रियांच्या पातळीवर येतं, त्यात काही बिघडलेलं नाही. पीएसएचं उलट आहे. हार्मोनमुळे तो आकडा आपोआप उतरतो, त्यामुळे पुरुषांसाठीच्या मर्यादेत बसला म्हणून निश्चिंत राहायचं नाही. प्रोस्टेट जागेवरच असतो. तो अहवाल, हार्मोन चालू असल्याचं माहीत असलेल्या डॉक्टरलाच दाखवा. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक दम लागला, तर मात्र वाट न पाहता थेट इस्पितळात जायचं.

दाढीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे आणि अश्रू तिथे गेले. लेझर मी हार्मोनच्याही आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केली. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करते. पांढरा केस तिला दिसतच नाही. माझ्या हनुवटीवर अर्धे केस पांढरे होते, आणि पहिल्या क्लिनिकमध्ये हे कुणी सांगितलं नाही, सरळ पूर्ण चेहऱ्याचं पॅकेज विकलं. काळे केस गेले, पांढरे तसेच उभे राहिले. पांढऱ्यांना इलेक्ट्रोलिसिस हा एकच उपाय: एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज द्यायची. तासाला पंधराशे रुपये, आणि वरचा ओठ म्हणजे डोळ्यांतून पाणी. पन्नाशीत पोचलेल्यांनी आधी आरशात पाहून काळे-पांढरे किती आहेत याचा अंदाज घ्या, आणि जे काळे आहेत ते पांढरे व्हायच्या आत लेझर करून घ्या. आपल्या सावळ्या कातडीला एनडी-याग प्रकारची लेझर जास्त सुरक्षित असते, ती आहे का हे विचारा. लेझरला आदल्या दिवशी दाढी करून जायचं असतं. इलेक्ट्रोलिसिसला उलट दोन-तीन दिवस वाढवावी लागते, म्हणजे चिमट्यात केस धरता येतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीने दोन दिवसांची पांढरी खुंटं घेऊन कुठे जायचं? मी शुक्रवार-शनिवार मास्क लावून काढले आणि शनिवारी संध्याकाळची वेळ घेत राहिले. अजून घेते.

आवाजासाठी स्पीच थेरपिस्टकडे गेले. मला वाटलं होतं की पट्टी वर न्यायची असते. त्यांनी पट्टीला फारसा हात लावला नाही. घशातून घुमणारा आवाज तोंडाच्या पुढच्या भागात आणायचा, वाक्याचा चढउतार बदलायचा, असं रोज पंधरा-वीस मिनिटं करून घेतलं. फोनवर 'बोला मॅडम' ऐकायला मला आठ महिने लागले.

ऑफिसात मी अकाउंट्सला आहे, खासगी कंपनीत. डिसेंबर २०२३ मध्ये एचआरला कळवलं. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यानुसार नोकरीत भेदभाव करता येत नाही, आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारणासाठी एक अधिकारी नेमलेला असावा लागतो. मी तो कायदा छापून पिशवीत ठेवला होता, बाहेर काढावा लागला नाही. एचआरच्या बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, टीमला तुम्ही सांगणार की आम्ही? मी स्वतः सांगायचं ठरवलं, दहा मिनिटांत, लिहून नेलेलं वाचून. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं तर कुणीच काही विचारलं नाही, आणि मग दिवसभर एकेक जण चहाच्या निमित्ताने येऊन गेला. स्वच्छतागृहाचा प्रश्न सगळ्यात नाजूक होता. पहिले काही महिने तळमजल्यावरचं, दिव्यांगांसाठीचं वापरायचं ठरलं. नंतर माझ्या विभागातल्या दोघीच म्हणाल्या, "एवढे जिने कशाला उतरता, आमच्याबरोबर चला." एका जुन्या सहकाऱ्याने मात्र बोलणं सोडलं ते सोडलंच. आम्ही एकोणीस वर्षं शेजारी बसलो होतो. त्याचं वाईट वाटतं.

आता कागदपत्रं. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१९ च्या कायद्याने व २०२० च्या नियमांनी त्याची रीत घालून दिली. मी फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज केला, तेव्हाची पद्धत लिहिते. तुम्ही अर्ज करण्याआधी पोर्टलवरच्या ताज्या सूचना आणि कायद्यातले बदल वाचून घ्या.

सामाजिक न्याय मंत्रालयाचं तृतीयपंथी व्यक्तींसाठीचं राष्ट्रीय पोर्टल आहे. तिथे खातं उघडून अर्ज भरायचा, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा जोडायचा, आणि ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र नोटरी करून चढवायचं. अर्जाला फी नव्हती. स्टॅम्प पेपर, टायपिंग आणि नोटरी मिळून माझे पाचशे रुपये गेले. पहिल्या ओळखपत्रासाठी वैद्यकीय तपासणीची अट नव्हती आणि घटस्फोटाचीही नव्हती. बायकोला सर्वात जास्त भीती त्याचीच होती. नवं नाव इथेच लिहायचं असतं, तेव्हा मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग कागदावर पक्कं करून मगच बसा. पुढची सगळी कागदपत्रं याच अक्षरांवर चालतात. मी पहिलं नाव बदललं, मधलं वडिलांचं नाव आणि आडनाव तसंच ठेवलं.

तेव्हाच्या नियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांनी तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं होतं. माझं अडकलं. पोर्टलवर आठवड्यांमागून आठवडे तीच ओळ दिसत होती. चौकशीला गेले तर कळलं की लोकसभेची निवडणूक लागली आहे आणि सगळे कर्मचारी तिकडे आहेत. समाज कल्याण कार्यालयात एका कारकून बाईंनी माझा अर्ज क्रमांक वहीत लिहून घेतला आणि म्हणाल्या, "ताई, जूनमध्ये फोन करा, मी स्वतः बघते." त्यांनी खरंच बघितलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पोर्टलवर आलं. मी ते ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं, कागद गरम होता, आणि ते नाव छापील अक्षरात बघून मी तिथेच भिंतीला टेकले. मागे उभ्या असलेल्या शिपाईमामांनी काही न विचारता खुर्ची आणून दिली.

तिथून पुढे क्रम महत्त्वाचा. आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग पीएफ. आधार केंद्रावर पन्नास रुपये घेतले आणि महिन्याभरात, जुलै संपता संपता, नवं कार्ड आलं. आधारमध्ये लिंगाची नोंद नेहमीच्या मार्गाने एकदाच बदलता येते, हे लक्षात ठेवा. तेव्हा पहिल्या प्रमाणपत्रावर 'ट्रान्सजेंडर' असं येत होतं. वैद्यकीय उपचारांनंतर कायद्याच्या कलम ७ खाली 'स्त्री' असं सुधारित प्रमाणपत्र मिळवता येत होतं. तुम्ही त्या वाटेने लवकरच जाणार असाल, तर आधारचा बदल तोवर थांबवायचा की नाही ते ठरवा. मी थांबले नाही. मला बँकेत आणि रुग्णालयात नावाची गरज आधी होती, आणि ट्रान्सजेंडर हा शब्द माझ्याबद्दल खराच आहे.

पॅनला एकशे सात रुपये लागले. बँकेने मात्र प्रमाणपत्र पुरेसं नाही, राजपत्र आणा, असं सांगितलं. २०२० च्या नियमांप्रमाणे हे प्रमाणपत्र दाखवल्यावर इतर कार्यालयांनी पंधरा दिवसांत नाव आणि लिंग बदलून द्यायचं होतं. ती नियमावली मी छापून शाखा व्यवस्थापकांना दाखवली, ते वरिष्ठांना विचारतो म्हणाले आणि तीन आठवडे काही झालं नाही. शेवटी भांडण्यापेक्षा महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल छापून घेतला. ऑनलाइन अर्ज होतो, हजारापेक्षा थोडे जास्त लागले. आता वाटतं, माझ्या वयाच्या माणसाने ते करावंच. एलआयसीच्या जुन्या पॉलिसी, फ्लॅटचे कागद, मुदत ठेवी, जिथे जिथे जुनं नाव आहे तिथे दोन्ही नावं एकाच कागदावर दिसणं पुढे उपयोगी पडतं. विशेषतः आपल्यामागे जोडीदाराला दावा करावा लागला तर.

पीएफसाठी कंपनीमार्फत संयुक्त घोषणापत्र भरावं लागलं. आधारवरचं नाव आणि त्यांच्याकडचं नाव एकच असावं लागतं, म्हणून आधार आधी. वारसनोंदी सगळीकडे पुन्हा भरल्या, बायकोला शेजारी बसवून. बँकेत नव्या सहीचा नमुना द्यायचा होता. त्याआधी काही रात्री मी वहीची पानं भरून सही गिरवली होती. काउंटरवर मात्र हात थरथरला, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला थोडं थांबावं लागलं.

मतदार यादीतला बदल आठ नंबरच्या फॉर्मने झाला, घरबसल्या. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी मतदान केलं तेव्हा यादीत नवं नाव होतं. मी बायकांच्या रांगेत उभी राहिले. कुणी काही म्हणालं नाही. पुढच्या आजींनी ऊन लागतंय म्हणून त्यांच्या छत्रीखाली घेतलं.

शस्त्रक्रियेबद्दल विचारणाऱ्यांना सांगते: अजून ठरवलेलं नाही. या वयात भूल, मधुमेहाची सीमारेषा, बरं होण्याचा काळ, सगळं तोलून बघावं लागतं, आणि हार्मोनवर मी बरी आहे. आता रक्ततपासणी सहा महिन्यांनी असते. हाडांची घनता तपासायची आहे, आणि इस्ट्रोजेनला पाच वर्षं झाली की मॅमोग्राम सुरू करायचा, हे डॉक्टरांनी फाइलवर लिहून ठेवलं आहे.

पासपोर्ट आणि पदवीचं प्रमाणपत्र राहिलं आहे. पदवीच्या अर्जासोबत मी जुन्या मूळ गुणपत्रिका जोडणार आहे, आणि त्या आईच्या कपाटात, म्हणजे आता दादाकडे आहेत. गेल्या महिन्यात त्याला फोन केला. आधी कामापुरतं बोलला. मग विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतेस ना?" गुणपत्रिका सापडल्या आहेत, पुढच्या रविवारी घेऊन येतो म्हणाला.